नाव घातलेला हंडा मोडायचा नाही

लढाईनंतर साताऱ्याच्या पेठेत जी मंदी आली, तिच्यात मी ओळीनं दुकानं बसताना बघितली. कापडाचं बसलं, छत्र्यांचं बसलं, सायकलींचं बसलं. भांड्यांचं एक तर असं बसलं की त्याच्या काचेच्या कपाटांचा लिलाव बघायला गर्दी जमली. त्याच पेठेतलं आमच्या आप्पांचं भांड्यांचं दुकान मात्र टिकलं. कसं टिकलं हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता मी नुसतं 'आप्पा' म्हटलं तरी घरातली माणसं उठून जातात. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकू. वाचणारा उठून गेला तरी मला दिसणार नाही.

मी आप्पांकडं नाव घालणारा होतो. नाव घातलेलं भांडं सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण घालताना फार कुणी बघत नाही, म्हणून सांगतो. मांडीवर घोंगडीचा तुकडा टाकायचा, त्याच्यावर हंडा आडवा घ्यायचा, एका हातात छिन्नी, दुसऱ्यात छोटी हातोडी. एक ठोका, एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लागत गेला की अक्षर होतं. ठोका जोरात बसला तर भांड्याला पोचा येतो, हलका बसला तर चार वेळा राखेनं घासल्यावर अक्षर गायब. आणि चुकलं तर खोडता येत नाही. ते भांडं जन्मभर चुकीचंच नाव सांगत बसणार. आमच्या पेठेत नवं भांडं घेतलं की नाव फुकट घालून द्यायची रीत. लग्नातल्या भांड्यावर घेणारीचं नाव, देणाऱ्याचं नाव, कधी गावाचंसुद्धा.

आता गंमत ऐका. ह्या कामात नुसतं लिहिता येऊन भागत नाही, गिऱ्हाइकाकडनं नाव काढून घेता आलं पाहिजे. कारण बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतील तर उखाण्यात, आणि दुकानात भर दुपारी उखाणा कोण घेणार?

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रहिमतपूरकडच्या एका वाडीतली सोजरबाई तिच्या धाकट्या जावेला घेऊन आली. नवरा पलटणीत, दूर कुठंतरी लढाईवर. त्याची मनीऑर्डर आलेली, म्हणून पितळेचा मोठा हंडा घ्यायचा होता. हंडा ठरला. मी विचारलं, नाव काय घालू? 'सोजर,' ती म्हणाली. आणि मालकांचं? तर ती पदर तोंडाला लावून नुसती हसली. जावेला विचारलं तर तिचा तो थोरला दीर, तिलाही घेता येईना.

"देवाचं नाव हाय," जाऊ म्हणाली.

"कुठला देव?"

"डोंगरावरचा."

दुकानात बसलेला एक म्हातारा म्हणाला, खंडोबा. दोघींनी माना हलवल्या. कुणीतरी म्हणालं, शंभू. नाही. तोवर आप्पा गादीवरनं पुढं सरकून बसले होते. "भंडारा का गुलाल?" त्यांनी विचारलं.

"गुलाल, गुलाल," दोघी एकदम म्हणाल्या.

"ज्योती," आप्पा म्हणाले, आणि सोजरबाईनं मान अशी हलवली की डोक्यावरचा पदर खाली आला. सगळं दुकान हसलं. मी घातलं, 'सौ. सोजर ज्योती'. तिनं त्या ठिपक्यांवरनं बोट फिरवून बघितलं. वाचता येत नव्हतं तिला, पण बोटाला कळतं.

असली गिऱ्हाइकं रोजची. रजेवर आलेला एक हवालदार तांब्यावर नाव घालू देईना, पलटणीतला नंबर घाल म्हणाला. नावानं मला आता कोण ओळखतंय, म्हणाला. एक म्हातारी अजून न जन्मलेल्या नातवाचं नाव घालून घेऊन गेली, आणि नात झाली तेव्हा आमच्याशीच भांडायला आली.

त्या काळात पेठेत विकायचं काम असं नव्हतंच, नुसतं काढून द्यायचं. आमच्या जिल्ह्यात घराघरातलं पोर पलटणीत, आणि पोस्टमन गावात शिरला की दुसऱ्या दिवशी ते गाव पेठेत. आमच्या बरोब्बर समोर गुलाबशेटनी तेव्हाच नवं दुकान टाकलं. काचेची कपाटं, विजेचे दिवे, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या. खरं सांगतो, मी काम सोडून बघत बसायचो. पळ्या, झारे, उलथणी अशी लावायचे की वाटावं, देवाची आरास केलीय. माणूस हौशी होता, वाईट अजिबात नव्हता.

लढाई संपत आली तेव्हा पितळ मिळेनाशी झाली. भाव आज एक, उद्या दुसरा. सांगलीचे ठोक व्यापारी धनपालशेट, त्यांच्याकडनं आमच्या पेठेतले सगळेच माल आणायचे. मिळेल त्या भावानं, मिळेल तेवढा सगळ्यांनी उचलला. गुलाबशेटनी उचलला तसा आप्पांनीही उचलला, पोटमाळ्यापर्यंत. ही चूक सगळ्यांची सारखी होती. पुढं जो फरक पडला तो चूक कळल्यावर कोण काय करतं, ह्याच्यात पडला.

लढाई संपली. पोरं घरी आली, गावोगाव हार घातले, पेढे वाटले. आणि मनीऑर्डरी थांबल्या. घरात खाणारं तोंड वाढलं आणि पगार गेला, इतका साधा हिशोब होता, पण पेठेत तो कुणीच केला नव्हता. वर लष्कराचं भंगार बाजारात आलं आणि पितळेचा भाव धाडकन खाली बसला. महागात घेतलेला माल फळ्यांवर चकाकत राहिला.

दुकान मरायला लागलं की पहिल्यांदा मालकाची जागा बदलते, हे मी नीट बघून ठेवलंय. गादीवरचा माणूस पायरीवर येऊन बसतो. मग तो पायरीवरच्या दुसऱ्या मालकाशी बोलायला लागतो, आणि दोघं मिळून सरकारला नावं ठेवतात. गिऱ्हाईक भाव विचारून गेलं की राग येतो. मग पुढच्याला विचारलं जातं, घ्यायचंय का नुसतं बघायचंय? ज्या दुकानात हे ऐकू आलं, ते दुकान मी मनात पुसून टाकायचो. चुकलो नाही कधी.

गुलाबशेटनी मात्र कुणाला असं विचारलं नाही. त्यांचं दोन ठिकाणी अडलं. एक, खरेदीच्या खाली विकायचं नाही अशी त्यांनी शपथच घेतली. घरचं घालून विकायला मी काय दानधर्म मांडलाय, म्हणायचे. भाव चढेल, थांबू. आणि दुसरं मोडीचं. आता पेठेत माणसं यायची ती भांडी घ्यायला नव्हे, मोडीत घालायला. मोडीत म्हणजे नुसत्या धातूच्या वजनावर. गुलाबशेट घ्यायचे, भाव चोख द्यायचे आणि तिथंच ओट्यावर हातोड्यानं हंडा चेपून टाकायचे. चेपला की जागा कमी लागते, पोत्यात जास्त बसतं. धंद्याच्या हिशोबानं बरोबर होतं. पण ती बाई अजून पायरी उतरत असायची, आणि मागं तिच्या नावावर हातोडा पडायचा. सगळ्या पेठेत ऐकू जायचं. एका बाजाराच्या दिवशी एकाच गावच्या तिघी-चौघी तो आवाज ऐकून उभ्या राहिल्या, आणि त्या गावची बाई परत त्या पायरीवर चढली नाही.

आप्पांचा नेम वेगळा. आपल्या दुकानात नाव घातलेला हंडा मोडायचा नाही, निदान एक लग्नसराई जाईपर्यंत तरी. त्यांच्या वडिलांपासनं चालत आलेलं.

एक दिवस सोजरबाई आली. डोक्यावर तोच हंडा. नवरा आलेला, पण हाताला काम नाही, बैल घ्यायचा होता. आप्पांनी वजन केलं आणि म्हणाले, "आजचा मोडीचा भाव देतो. पन हंडा मोडत न्हाई मी. पुढली लग्नसराई हुईस्तवर वर ऱ्हाईल. जमलं तर ह्याच भावात घिऊन जावा."

"आन न्हाई जमलं तर?"

"तवाचं तवा बगू, बाई."

मी हंडा उचलून पोटमाळ्यावर चढायला लागलो तशी ती म्हणाली, "दादा, नाव भिताडाकडं करून ठिवा."

तेव्हापासनं आम्ही सगळीच भांडी तशी ठेवायला लागलो. नावं भिंतीकडं. आप्पांनी त्यांची गावं लावली होती, हा कोपरा रहिमतपूर, ती फळी कोरेगाव, शिडीजवळ वाई. पोटमाळा भरला, मग मागचं घर भरायला लागलं. आप्पांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी एकदा मला जेवायला वाढताना म्हणाल्या, "घरात आता मानसं कमी आन गावंच जास्त झाल्यात. काल रात्री माझा पाय कोरेगावाला लागला."

पण हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. आप्पांचा पैसा दोन्हीकडनं अडकला होता. खाली न खपणारा नवा माल आणि वर न मोडायचा जुना. धनपालशेटचा निरोप आला की दिवाळीच्या आत मागचं मिटवा, नाहीतर पुढचा माल बंद. माल बंद म्हणजे दुकान बंद. पेठेत लोक बोलायलाच लागले की दिवाळीनंतर आप्पांच्या फळ्या उघडत नाहीत. काकींनी तर माहेरी निरोपही धाडला होता, वेळ आली तर ऱ्हायला जागा हाय का म्हणून.

मला वाटलं, ह्याला उपाय सरळ आहे. मोड सांगलीला न्यायची, धनपालशेटच्या काट्यावर टाकायची. एक दिवस आप्पा बाहेर गेलेले बघून मी पोटमाळ्यावरची भांडी पोत्यात भरली. रहिमतपूर संपवून कोरेगावाला हात घातला तेवढ्यात आप्पा आले.

"काय भरलंस रं?"

मोड, म्हटलं.

"कुनाची?"

"आप्पा, सांगलीत कोण विचारतंय? सगळं एकाच भट्टीत जाणार."

ते पोत्यावर बसले. रागावले नाहीत. "दत्त्या, सोड पोती," एवढंच म्हणाले. मी विचारलं, मग न्यायचं काय? त्यांनी खालच्या फळ्यांकडं हात केला. चकचकीत नवा माल, दिवाळीच्या तोंडावरचा, खरेदीच्या जेमतेम निम्मा भाव येणार होता त्याला. मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं.

"त्याच्यावर अजून कुनाचं नाव न्हाई," आप्पा म्हणाले. "गेला तर आपलंच जातंय."

काकी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, समदं नवं निऊन टाकल्यावर दुकानात काय मांडनार?"

"भाता," आप्पा म्हणाले.

म्हणजे कल्हईचा भाता. पेठेतला दुकानदार आपल्याच पायरीवर कल्हईची भट्टी लावणार. काकींचा चेहरा मी बघितला. ही किती मोठी गोष्ट होती ते पेठेत वाढलेल्यालाच कळेल. कल्हईवाला दारोदार फिरतो. दुकानदार गादीवर बसतो. आप्पा तीन पिढ्यांच्या गादीवरनं खाली उतरत होते, आणि तेही स्वतःच्या पायानं, कुणी ढकलायच्या आधी.

आम्ही सातारा रोड स्टेशनवरनं गाडी धरली आणि सांगलीला धनपालशेटच्या वखारीत पोती उतरवली. शेटनी माल बघितला आणि चष्मा काढला. "आप्पा, ह्यो तर माझाच माल. मीच दिल्याला." आप्पा म्हणाले, व्हय. शेट म्हणाले, आजचा भाव ठाऊक हाय न्हवं? आप्पा म्हणाले, ठाऊक हाय, टाका काट्यावर.

मी वाट बघत होतो, आता घासाघीस होईल. आप्पांची घासाघीस म्हणजे बघण्यासारखी चीज होती. डोळे मिटायचे, मान हलवायचे, उठायचे, परत बसायचे. त्या दिवशी काही नाही. पारडं वर-खाली झालं, शेटनी रक्कम सांगितली, आप्पांनी मान हलवली. शेट आपल्या मुनिमाला म्हणाले की ह्या महिन्यात जो आला त्यो भाव चढंपतोर थांबा म्हनला, काट्यावर टाका म्हननारा ह्यो पहिलाच. मागचं बरंचसं मिटलं. राहिलेल्याची शेटनी घाई केली नाही. वर जर्मनची पातेली, झाकण्या, टोप असला हलका माल न्यायला दिला. ॲल्युमिनियमला आमच्याकडं सगळे जर्मन म्हणतात. आप्पांनी आजवर तो दुकानात शिरू दिला नव्हता, पण लोकांच्या हातात पैसे होते ते तेवढ्याच मालाचे.

मग मला म्हणाले, जा, चहा पिऊन ये. गावभर हिंडून ये. मी घाटावर गेलो, कृष्णेत पाय सोडून बसलो. परत आलो तर आप्पा पिशवी काखेत घालून निघायच्या तयारीत.

"दत्त्या, तू हितंच ऱ्हायचं. शेट ठिवून घेत्यात तुला."

मी म्हटलं, आप्पा, माझं काय चुकलं का? पोती भरली म्हणून?

"खुळा का काय? नवं भांडं खपनार न्हाई तर नाव कशावर घालशील? जर्मनवर? आन भात्याला मी हाय, काकी हाय. तुज्या हाताचं काम माझ्याकडं न्हाई आता. हितं हाय." आणि गेले. मागं वळून बघितलंही नाही. तीन दिवस मी त्यांच्याशी मनातल्या मनात इतका भांडलो की विचारू नका.

पण वखारीत बसून मला जे बघायला मिळालं ते साताऱ्यात मिळालं नसतं. गावोगावचे दुकानदार यायचे, फलटणचे, लोणंदचे, कऱ्हाडचे, चहा प्यायचे आणि एकच बोलायचे, भाव चढू द्या. माल बरा होता, हुशारी होती, पण जे गेलं ते गेलं असं म्हणायला जीभ उचलत नव्हती. आणि दर खेपेला पोत्यातल्या मालाची किंमत आणखी उतरलेली असायची. गुलाबशेटही येऊन गेले. तोंड उतरलेलं, तरी शर्टाची घडी तशीच कडक. मला पाठीवर थाप मारून म्हणाले, बघ, संक्रांतीला भाव येतोय. नाही आला. पुढं त्यांच्या कपाटांचा लिलाव झाला. पेठेत नव्हतो तरी मला वाईट वाटलं. तशी आरास परत कुणी लावली नाही.

आप्पांच्या भात्याला पेठ हसली म्हणे. थोडे दिवस. मग लोकांच्या लक्षात आलं की नवं घ्यायला पैसे नसले की जुनंच सांभाळावं लागतं, आणि जुन्याला कल्हई लागतेच. बायका पातेली घेऊन यायच्या. भट्टी तापायची, नवसागराचा धूर निघायचा, आप्पा कापूस फिरवायचे आणि पातेल्याच्या पोटात एकदम चांदणं पडल्यासारखं व्हायचं. तोवर बाई पायरीवर बसलेली. बसली की बोलते, बोलता बोलता वर बघते, आणि जाताना एखादी झाकणी, एखादी पळी घेऊन जाते. समोरच्या काचेच्या कपाटांपाशी उभं राहायला लोक लाजायचे. आप्पांच्या पायरीवर त्यांना बसायला कारण होतं.

झेंडा लागला, स्वराज्य आलं. मंदी काय त्या दिवशी गेली नाही, हळूहळू सरकली. गुळाला भाव आला, अडून राहिलेली लग्नं निघाली. मी सांगलीत तसा रमलो होतो. पगार बरा होता, खरं तर माझ्या वयाच्या मानानं जरा जास्तच होता, आणि मला वाटायचं तो माझ्या अक्षराचा आहे.

मग एक दिवस आप्पा वखारीत हजर. वाळले होते, हाताला भट्टीचे डाग, पण आवाज तोच. म्हणाले, सोजरबाईचा नवरा येऊन हंडा घेऊन गेला. खांद्यावर टाकून नेला, नाव बाहेर करून. आणि आता तिच्या सगळ्यात धाकट्या दिराचं लग्न निघालंय. नुसतं त्याचं नव्हे, वाडीत ह्या सराईला चार लग्नं आहेत, आणि चारही घरांची भांडी आप्पांकडं. सोजरबाईनं वाडीत सांगून ठेवलं होतं की भांडी घ्यायची तर तिथंच. आप्पा नवी पितळ न्यायला आले होते. पोत्यातनं नव्हे, बैलगाडी भरून स्टेशनवर न्यावी लागेल एवढी.

"नावं हितंच घालून दे," आप्पा म्हणाले. "साताऱ्यात एक पोरगं हाय नाव घालनारं. त्याचा 'ज' उताना पडतो."

मी बसलो. आप्पा नावं सांगत गेले, मी ठोके टाकत गेलो. दुपार सरली. मी विचारलं, नवरदेवाचं नाव कुणी सांगितलं? म्हणाले, सोजरबाईनं. धाकट्या दिराचं घेता येतं. लाज कसली, ओरडून सांगितलं.

शेवटचा हंडा झाल्यावर आप्पा धनपालशेटकडं वळले आणि छताकडं बघत म्हणाले, "आता दुकानात नाव घालाय मानूस लागंल वाटतं."

शेट हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "न्या की. तुमचाच हाय. पन त्याचा पगार ठाऊक हाय न्हवं? त्या दिवशी पितळंला एक शबुद बोलला न्हाईसा, आन ह्यो घाटावर गेल्यावर ह्याच्या पगारासाठी माझ्याशी दिवं लागंपतोर भांडलासा. दोनदा उठून गेलासा. मी दमून हो म्हनलं. आता तेवढाच तुमी द्या."

मी आप्पांकडं बघितलं. आप्पा हंड्याकडं बघत होते. मग हळूच म्हणाले, "तेवढा कोन देतं व्हय एका मानसाला?"

मग काय, मीच सुरुवात केली. म्हटलं, आप्पा, थोडा कमी चालेल. त्यांनी डोळे मिटले. म्हटलं, आणखी थोडा कमी, जेवण काकींकडं. ते उठले, परत बसले. मी आणखी खाली यायला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातली छिन्नी काढून आपल्या पिशवीत टाकली.

"बास," आप्पा म्हणाले. "ह्याच्या खाली उतरू नगंस. पेठंत माझ्या दुकानाची अब्रू जाईल."